जास्त घोडे, जास्त पैसे, तरी टॉप स्पीड कमी? जीटी३ अन् जीटी३ आरएसचं गणित कोणी सांगा

पंपावाला कारंजा

राम राम मंडळी. मी समृद्धीवर कारंजाजवळच्या एका पेट्रोल पंपावर कामाले आहो. मांगच्या रविवारी सकाळी नागपूरकडून दोन पोर्शे आल्या. दोन्ही ९११. एक पांढरी, तिच्या मागं एवढा मोठा पंख का त्याच्यावर ताटं वाढून दोघं आरामात जेवतीन. दुसरी निळी, तिले पंखच नाही. मागच्या जाळीवर बारीक अक्षरात 'जीटी३ टुरिंग' लिहेल होतं. पांढरीवर 'जीटी३ आरएस'.

पंखावालीच्या मालकाले इचारलं, साहेब, दोघीत फरक काय? तो म्हणे, ही ट्रॅकची आहे, ते साधी आहे. एवढं बोलला, पैसे देल्ले अन् गेला. मी दोघींचे फोटो काढून ठेवले.

संध्याकाळी पानठेल्यावर वाद लागला. मोबाइलवर पाह्यलं तं साध्या जीटी३ ले (२०२१ चं मॉडेल) ५१० घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, अन् पीडीके, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सवर टॉप स्पीड ताशी ३१८ किलोमीटर. आरएसले ५२५ घोडे अन् टॉप स्पीड २९६! म्हणजे पंधरा घोडे जास्त, पैसे कितीतरी जास्त, अन् गाडी बावीसनं हळू. माहा दोस्त म्हणते का वेबसाइटवाल्यानं आकडे उलटे टाकले. मी म्हणतो काहीतरी कारण असन. जो हारन त्यानं आठ जणाले आलूबोंडा-तर्री द्याची आहे. कोणी जाणकार असन तं सांगा, पण आमाले समजन असं सांगा. बारावीत फिजिक्समधी मी कसाबसा निघेल आहो.

दारव्ह्याचा टायरवाला

आकडे बरोबर आहेत भाऊ. आलूबोंडा तुझाच, पैसे दोस्ताचे.

मी आता दारव्ह्यात टायर अन् अलाइनमेंटचं दुकान चालवतो. ट्रॅक्टर, बोलेरो, एसटीच्या रिटायर ड्रायव्हरांच्या जुन्या मारुती, जे येईल ते. त्याआधी सात वर्षं दुबईत एका वर्कशॉपमध्ये होतो. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गाड्या दुबई ऑटोड्रोमला जायच्या, ५.३९ किलोमीटरचा ट्रॅक आहे तो, अन् त्यांच्यामागं टायर, जॅक अन् पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही. त्यामुळं या दोन्ही गाड्यांची चाकं मी किती वेळा काढली असतील याचा हिशोब नाही. चालवायला मात्र कोणी दिली नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या दोस्ताच्या डोक्यात आहे ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं, की ट्रॅकची गाडी म्हणजे सरळ रस्त्यावर सगळ्यात जास्त पळणारी. ट्रॅकवर सरळ रस्ता किती असतो? गाडी सुटली की लगेच वळण. वळणाआधी ब्रेक मारायचा, वळायचं, निघायचं, की पुढचं वळण हजर. जो वळणात कमी वेग सोडतो तो पुढं राहतो. अन् वळणात इंजिन कामी येत नाही, टायरची पकड कामी येते.

आता वखर आठव. जमीन कडक असली की वखर वरच्यावर घसरतो, पास म्हणजे त्याचं खालचं पातं मातीत जात नाही. मग आपण काय करतो? वखरावर दगड ठेवतो, नाहीतर पोराला उभं करतो. वजन पडलं की पास मातीला धरतो. टायरचंही तसंच, वरून दाब वाढला की रस्त्याला जास्त धरतो. पण दगडाची एक खोट आहे. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, वखर फिरवताना तो दगडही फिरवावा लागतो, बैलाचा जीव जातो. गाडीत दगड भरले तर वळणात तेच वजन गाडीला बाहेर फेकतं. म्हणून पोर्शेवाल्यांनी दगडाऐवजी हवा ठेवली. तो ताटाएवढा पंख विमानाच्या पंखाच्या उलटा बसवलेला असतो. विमान वर उचललं जातं, ही गाडी खाली दाबली जाते. अन् या दाबानं गाडीचं स्वतःचं वजन वाढत नसल्यामुळं वळणात तो गाडीला बाहेर ओढत नाही.

किती दाबली जाते ते क्विंटलमध्ये सांगतो. ताशी २०० ला आरएसवर हवेचा दाब ४०९ किलो, म्हणजे चार क्विंटल कापूस टपावर लादल्यासारखा. २८५ ला ८६० किलो. गाडीचं स्वतःचं वजन साडेचौदा क्विंटल, त्यावर साडेआठ क्विंटल हवा! अन् पाह्य, वेग दीडपटही वाढला नाही पण दाब दुपटीच्या वर गेला. हवेचं गणित असंच आहे, वेग दुप्पट केला की दाब चौपट. पंख असलेल्या साध्या जीटी३ वर २०० च्या वेगाला याच्या साधारण तिसरा हिस्सा पडतो, अन् तू पाहिलेल्या निळीवर, म्हणजे टुरिंगवर, पंखच नाही तर त्याहूनही कमी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हवा फुकटात दाबत नाही. दाबताना मागंही ओढते. जोरात वारा सुटला असताना पत्र्याचा तुकडा तिरपा धरून सायकल चालवून पाह्य, समजेल. वेग वाढला की हे ओढणंही त्याच चौपटीच्या हिशोबानं वाढतं, अन् ते ओढणं मोडायला लागणारी ताकद तर आठपटीनं. त्याच्यापुढं पंधरा घोडे काय करतात? काहीच नाही. वरून आरएसचं गिअरिंगही आखूड ठेवलं आहे, म्हणजे वळणातून लवकर उचल खाते पण वरच्या टोकाला लवकर संपते. ० ते १०० आरएस ३.२ सेकंदात जाते, जीटी३ पीडीके ३.४ मध्ये. ३०० च्या वर जायची त्यांनी सोयच ठेवली नाही, कारण गरज नव्हती.

गरज नव्हती कशावरून? जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे, नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरचा एक फेरा. २०२१ च्या मॉडेलची साधी जीटी३ तिथं ६ मिनिटं ५९.९ सेकंदात फिरली. आरएस २०२२ च्या ऑक्टोबरात ६ मिनिटं ४९.३ मध्ये. साडेदहा सेकंद. ऐकायला थोडे वाटतात, पण त्या वेगाला साडेदहा सेकंद म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर. एकत्र सुटल्या असत्या तर आरएस पोचली तेव्हा जीटी३ दारव्ह्याच्या बसस्टँडवर अन् आरएस माझ्या दुकानासमोर, असं समज. टॉप स्पीड कमी असलेली गाडी पुढं.

दुसरं एक, जे आकड्यात दिसत नाही. साध्या ९११ चं इंजिन मागं असतं अन् डिकी पुढं. जीटी३ ला पुढं तीन रेडिएटर आहेत, डिकी जागेवर, दोन बॅगा बसतात. आरएसची डिकी गेली. त्या जागी एकच मोठा रेडिएटर तिरपा बसवला, रेसच्या ९११ ला असतो तसा. दोन बाजूंची जागा मोकळी झाली, तिथं पुढचे हलणारे पंख आले. बॉनेटमधून जी गरम हवा निघते ती सरळ छतावरून मागच्या इंजिनात जाऊ नये म्हणून छतावर उभ्या पट्ट्या लावल्यात, त्या हवेला बाजूला सारतात. आपल्या मे महिन्यात याचं महत्त्व कोणाला सांगायला नको. पण डबा ठेवायलाही जागा नाही. बायको माहेरहून येताना सांडगे-पापड कुठं ठेवणार, हा प्रश्न त्या इंजिनिअरला पडला नसेल.

मी एकदा दोन्हीत बाजूच्या सीटवर बसलो, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या गाड्या. जीटी३ मध्ये जोराच्या वळणात मागची बाजू थोडी हलते, माणूस स्टिअरिंगनं सावरतो, हसतो. मजा येते. आरएसमध्ये तो माणूस हसत नव्हता. त्याच वळणात तो इतक्या वेगानं घुसला की मी पाय दाबला, जसा काही माझ्याकडं ब्रेक होता. गाडी हललीसुद्धा नाही. आरएसची गंमत अशी की हळू गेलास तर पकड कमी, जोरात गेलास तर पकड जास्त. हे डोक्याला पटत नाही, म्हणून नवशिका माणूस आरएसमध्ये उलट हळू जातो. पैसे दिलेली पकड वापरतच नाही.

आपल्या रस्त्यावर म्हणशील तर हिशोब कर. समृद्धीवर कारची मर्यादा १२०. त्या वेगाला आरएसवर ढोबळ दीड क्विंटल दाब, अन् तोही पंख कसा वळला आहे त्यावर. कारंजा-दारव्हा रस्त्यावर ६० नं चाललास तर जेमतेम ३७ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते! एवढ्यासाठी एवढा मोठा पंख वाहायचा. अन् आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. आरएसचं सस्पेंशन तिथं तुझे दात मोजेल. स्पीडब्रेकरसाठी नाक उचलायचं बटण मिळतं, पण गावातले ब्रेकर पोर्शेला विचारून बांधत नाहीत.

माझं मत विचारशील तर निळी. सहा गिअरची हातानं टाकायची मिळते, आरएसला ती मिळतच नाही. इंजिन तेच चार लिटरचं, टर्बो नसलेलं, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत ओरडणारं. अन् चार चौघांत उभी केली तर कोणी ताटं वाढायला येत नाही.

तूर वीस एकर

इथं सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८, हातात काय पडते ते ज्याचं त्याले माहीत. अन् तुमी पोर्शेच्या डिकीत पापड मावते का नाही त्याचा विचार करून राह्यले. चालू द्या बाप्पा.

पंपावाला कारंजा

काका, आमी कोणी घेऊन नाही राह्यलो. आलूबोंड्याचा प्रश्न आहे.

बडनेऱ्याचा इंजिनिअर (तिसरं वर्ष)

टायरवाले दादा, छान सांगितलंत, पण एक राहिलं. आरएसच्या पंखाला डीआरएस आहे, फॉर्म्युला वनसारखं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पंख आडवा होतो आणि हवेची ओढ कमी होते. जोरात ब्रेक मारला की उलट, पंख उभा होऊन हवेचा ब्रेक लागतो. मग सरळ रस्त्यावर तोटा का व्हावा?

आणि मी हॉस्टेलवर मित्राच्या सेटवर दोन्ही गाड्या गेममध्ये चालवतो. माझा वेळ जीटी३ मध्येच चांगला येतो. स्टिअरिंगवरच्या चार गोल खटक्यांनी सस्पेंशन आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) बदलता येतं म्हणतात, मी प्रत्येक फेरीत काहीतरी फिरवतो आणि आधीपेक्षा वाईट होतं.

दारव्ह्याचा टायरवाला

बरोबर पकडलं. डीआरएस मी विसरलो नव्हतो, लांबण नको म्हणून सोडलं होतं. पंख आडवा झाला तरी जागेवरून जात नाही ना. तो छतापेक्षा उंच आहे, पोर्शेनं रस्त्यावरच्या गाडीला एवढा उंच कधीच लावला नव्हता. त्याचे दोन खांब, पुढचा ओठ म्हणजे बंपरखालची पट्टी, जास्त रुंद टायर, हे सगळं हवेत तसंच राहतं. जीटी३ ला पुढं २५५ चे टायर, मागं ३१५ चे. आरएसला २७५ अन् ३३५. ओढ कमी होते, टुरिंगएवढी होत नाही. अन् आखूड गिअरिंगला डीआरएस काय करणार?

खटक्यांचं म्हणशील तर तू एकटा नाहीस. दुबईत एक गिऱ्हाईक होतं, चांगलं मोठं. दर फेरीनंतर पिटमध्ये येऊन सांगायचं, गाडी पुढून घसरते, मागून घसरते, आज डावीकडूनच घसरते. आमचा फोरमन केरळचा, त्यानं एक दिवस सगळे खटके मधोमध करून ठेवले अन् सांगितलं, साहेब, आता हात लावू नका, फक्त चालवा. त्या दिवशी त्याचा सगळ्यात चांगला वेळ आला. धक्का बसल्यावर स्प्रिंग किती लवकर दबते अन् किती लवकर परत येते, हे पुढचं-मागचं वेगळं वेगळं चालता-चालता बदलता येतं आरएसमध्ये, खोटं नाही. पण ते ज्याला एकाच वळणात दहा वेळा सारखं जाता येतं त्याच्यासाठी आहे. माझ्या अलाइनमेंटवर गाडी लावून लोक म्हणतात, डाव्या बाजूला ओढते. मी पाहतो तर एका टायरात हवा २२ अन् दुसऱ्यात ३६. आधी हवा, मग खटके.

अन् चाकाची एक गोष्ट. तुमच्या गाडीला पाच नट असतात, साधारण ११०-१२० न्यूटन मीटरला आवळतात. या दोन्ही गाड्यांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट, अन् तो ६०० न्यूटन मीटरला. एक माणूस आत बसून ब्रेक दाबून धरतो, दुसरा माझ्या उंचीचा टॉर्क पाना घेऊन लटकतो. समृद्धीवर पंक्चर झाली तर तुमच्या पंपावर कोणाकडं तो पाना असेल? त्या माणसाच्याही गाडीत नसेल, ठेवायला डिकीच नाही.

तळेगावचा जुना धुरकरी

पोरं हो, मी ऐकून राह्यलो. माहं आयुष्य शंकरपटात, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीत, धुरकरी म्हणून जोडी हाकण्यात गेलं. तळेगाव दशासरच्या पटात जोडी पळवली, बंदी होती तेवढे साल घरी बसलो, २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी देल्ली तवा परत गेलो.

आमच्याकडंही दोन गाड्या. एक घरची बंडी, तिच्यात कापूसही जाते अन् लग्नाचं वऱ्हाडही जाते. एक पटाचा छकडा, त्याच्यात मी एकटा, तोही कसाबसा. पण टायरवाल्या भाऊ, तुमचं एक मले पटलं नाही. छकडा आमी जितका हलका करता येईन तितका करतो. लाकूड तासून तासून वाऱ्यावर उडन असा करतो. धुरकरी बी हडकुळा पाह्यतो. अन् तुमी म्हणता आठ क्विंटल वरून लादलं तं गाडी जोरात पळते. हे उलटंच झालं ना?

दारव्ह्याचा टायरवाला

काका, नमस्कार. या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

तुमच्या पटात वळण कुठं आहे? सरळ वाट, सेकंदावर निकाल. तिथं दाब नको, हलकंच पाहिजे. तुमच्या पटावर आरएस आणली तर ती हरेल. त्याच्यासाठी पोर्शेकडं वेगळी जोडी आहे, ९११ टर्बो एस. २०२० च्या मॉडेलला ६५० घोडे, चारही चाकांना ताकद, ० ते १०० २.७ सेकंदात, टॉप स्पीड ३३०. नुसतं सरळ पळायचं तर तो छकडा तुमचा. आरएस तुमच्या पटाची नाही, ती एखाद्याला वावराच्या चारही धुऱ्यावरून जोडी न थांबवता फिरवून आणायची असेल तर.

पण हलकं करायचं तुमचं तत्त्व त्यांनीही सोडलेलं नाही. आरएसचे दरवाजे, छत, बॉनेट, पुढचे मडगार्ड सगळं कार्बनचं. एवढं करून वजन १४५० किलो, पीडीके जीटी३ पेक्षा पंधरा किलो जास्तच, कारण रुंद टायर, मोठा पंख, मोठे ब्रेक. पण ते पंधरा किलो लोखंडाचे अन् ८६० किलो हवेचे, अन् हवा वळणात तुमच्या अंगावर येत नाही. काका, तुम्ही जोडी फिरवताना चाकावर एका बाजूला वजन टाकून उभे राहता ना? तेच.

आणखी एक गंमत तुम्हाला आवडेल. पुढच्या सस्पेंशनचे जे हात हवेत येतात ते त्यांनी थेंबाच्या आकाराचे केलेत, अन् नुसत्या त्या बदलानं वरच्या वेगाला पुढच्या बाजूवर ४० किलोच्या आसपास दाब जास्त पडतो. तुम्ही लाकूड तासता, ते लोखंड तासतात.

तळेगावचा जुना धुरकरी

आता समजलं. अन् पटाचा बैल आमी वखराले जुंपत नाही, तसंच हे आहे. त्याले खुराक वेगळा, त्याचं निजणं वेगळं. पण एक सांगतो. मोठ्या घरचे काही लोक पटाची जोडी घेते, दावणीले बांधून पाहुण्याले दाखवते, अन् पटात कधी उतरवत नाही. तुमच्या त्या पांढरीचा मालक कोणत्या जातीचा मालक आहे ते पाहा.

पंपावाला कारंजा

आता ते कसं पाहाचं काका? ट्रॅक तं आपल्याकडं हायच नाही.

दारव्ह्याचा टायरवाला

ट्रॅक आहेत, जवळ नाहीत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ तिथं फॉर्म्युला वन झाली. चेन्नईजवळ आहे, कोइम्बतूरला आहे. नागपूरहून नोएडा हजार किलोमीटरच्या वर. जायचं असलं तर लोक ट्रेलरवर टाकून नेतात. दुबईत एकदा ट्रेलरवर चढवताना एका आरएसचा पुढचा ओठ मीच घासला होता, अर्धा पगार गेला, त्यामुळं ट्रेलर शब्द निघाला तरी मला घाम येतो.

पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर टायरवर लिहिलेलं असतं. तू फोटो काढलेत ना? त्यात पुढचं चाक तिरपं वळलेलं असेल तर मोठं करून टायरची बाहेरची कड पाह्य. ट्रॅकवर वळणात सगळं वजन त्या कडेवर येतं. खरंच पळवलेली गाडी असेल तर ती कड खरवडलेली दिसते, रबर वितळून लाटा पडल्यासारखं, बारीक खडे चिकटलेले. नुसती हायवेवर पळत असेल तर चाकाच्या तिरपेपणामुळं आतली कड घासते अन् बाहेरची कोरी राहते. नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेही बाहेरच्या कडेला तसेच उभे राहतात.

पंपावाला कारंजा

दादा, आताच पाह्यला फोटो. पांढरीचं पुढचं चाक बाहेर वळेल आहे.

केस आहेत. सगळे.

अन् निळीच्या कडेले नाहीत, साफ खरवडेल आहे.